वेंडेल, दार

१

वेंडेल टॉफ्टनं चाळीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवली. त्यानं बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, पावसाळी हवेत कधी फुगून अडकलं नाही, असं आयोवातल्या डी मॉइनच्या बीव्हरडेल भागात आजही सांगतात. पण बसवलेलं दार लावणं मात्र त्याला जन्मात जमलं नाही. हा गृहस्थ घरातून एकदा फिरला, की पुढचं दार उघडं, जेवणघराचं उघडं, स्वयंपाकघराचं उघडं, आणि फ्रीज तर उघडाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत त्याची बायको मार्लिस "वेंडेल, दार" हे दोन शब्द इतक्यांदा बोलली, की त्यांची मुलगी कॅरिन लहानपणी ते बाबाचं पूर्ण नाव समजायची. बालवाडीत बाईंनी विचारलं तेव्हा तिनं तसं सांगितलंही होतं.

तीस ऑक्टोबरची संध्याकाळ या घरात सणासारखी असायची. त्यांच्या गावात हॅलोविनची सोंगं घेतलेली मुलं आदल्या संध्याकाळीच दारोदार फिरायची, सहा ते आठ, आणि फुकट चॉकलेट कुणालाच मिळायचं नाही. आधी विनोद सांगायचा, मग वाडग्यात हात घालायचा. वेंडेलला या रिवाजाचं भारी कौतुक. एखादी चिमुरडी चेटकीण पायरीवर उभी राहून विचारायची, "सांगाडा भांडायला का जात नाही?" वेंडेल डोकं खाजवायचा, आभाळाकडे बघायचा, आणि हात टेकल्यासारखा म्हणायचा, "नाही बुवा. मी हरलो. तूच सांग." उत्तर त्याला वीस वर्षांपासून पाठ होतं. तरी "त्याला काळीजच नसतं" हे ऐकलं की तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा पोट धरून हसायचा.

आणि दोन घंट्यांच्या मधे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खेळ.

तो खेळ त्यानं चर्चच्या तळघरातल्या जुन्या बाजारातून उचलून आणला होता. 'शेवटचा दिवा' असं खोक्यावर लिहिलेलं. पटावर एक घर काढलेलं: फाटक, व्हरांडा, बाहेरची खोली, जेवणघर, स्वयंपाकघर. दहा दिव्यांचे दहा पत्ते मांडायचे. प्रत्येक फेरीनंतर एक पत्ता उलटा करायचा, म्हणजे एक दिवा विझला. शेवटचा दिवा विझायच्या आत सगळ्यांनी स्वयंपाकघरात पोचायचं आणि दार लावून घ्यायचं. कारण घरात आणखी एक सोंगटी असते, राखाडी. तिचं नाव पाहुणा. खोक्याच्या झाकणावर तिच्याबद्दल एकच ओळ होती: 'पाहुण्याला दार उघडता येत नाही. तो दुसऱ्याच्या मागोमाग येतो.'

अकरा वर्षांत ते एकदाही जिंकले नव्हते. कारण उघड आहे. दार लावायला एक अख्खी खेळी खर्च करावी लागे, दार लावायचं काम शेवटी आत येणाऱ्याचं, आणि शेवटी येणारा नेहमी वेंडेल. तो पटावरही वाटेत चार ठिकाणी रेंगाळायचा आणि आत आला की दार सताड टाकून म्हणायचा, "काय शिजतंय?"

२

मागच्या वर्षी चौघं खेळत होती. मार्लिस, वेंडेल, मिनिआपोलिसहून खास यायची ती कॅरिन, आणि शेजारची ओरेथा. ओरेथा निवृत्त नर्स. आयुष्यभर तिनं लोकांच्या नाड्या पाहिल्या होत्या, त्यामुळे भुताखेताच्या खेळात सगळ्यात मोठ्यानं हसायची तीच.

पावणेआठच्या सुमाराला घंटा वाजली. वेंडेल वाडगा घेऊन उठला आणि रिवाजाप्रमाणे मागे तिन्ही दारं उघडी टाकून गेला. त्या तीन दारांतून थंडी सरळ मार्लिसच्या मानेवर आली. पायरीवरून कुणीतरी काहीतरी विचारलं, शब्द कळले नाहीत. मग वेंडेलचा आवाज आला, "नाही बुवा. मी हरलो. तूच सांग."

"वेंडेल, दार!" मार्लिस ओरडली. जरा वैतागूनच ओरडली, खिमा-राजम्याची चिली ढवळत होती आणि गार वाऱ्यानं हात आखडले होते.

दार लागलं नाही. हसूही ऐकू आलं नाही. पाच मिनिटांनी कॅरिन बघायला गेली तेव्हा तो व्हरांड्यातल्या झोक्यावर बसला होता, वाडगा मांडीवर, मान एका बाजूला. ओरेथा धावत गेली, तिनं जे करता येतं ते सगळं केलं. अँब्युलन्सच्या माणसांनीही केलं. विनोद सांगणारं पोर कोण होतं ते कधी कळलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरी विचारून झालं, आमचं नव्हतं असंच सगळे म्हणाले.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मार्लिसला ते पटलं होतं. तिचं दुखणं वेगळं होतं आणि ते तिनं फक्त ओरेथाला सांगितलं होतं, उन्हाळ्यात एकदा, टोमॅटो बाटल्यांत भरताना.

"एक्केचाळीस वर्षं," ती म्हणाली होती, "आणि शेवटचं काय बोलले मी त्याला? दार. दुसरं काही सुचलं नाही मला."

"तुला काय माहीत होतं का?"

"नव्हतं. पण एकदा तरी काही बरं बोलायला मिळायला हवं होतं गं. एकच वाक्य."

ओरेथानं तिच्या हातातली बाटली घेऊन खाली ठेवली आणि तिला तसंच धरून उभी राहिली.

३

या घरात खेळाचे दोन नियम झाकणावर छापलेले नव्हते. दोन्ही वेंडेलचे. पहिला: अर्धा राहिलेला डाव मोडायचा नाही, पट तसाच झाकून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच खेळायचा. दुसरा: कुणी दार उघडायला उठलं, तर त्याच्या डाव्या हाताला बसलेल्यानं त्याची खेळी खेळायची. पण खेळायची ती त्याच्यासारखी. "माझ्या जागी बसून तू शहाणपणा करायचा नाहीस," वेंडेल मार्लिसला बजावायचा. त्याच्या डावीकडे नेहमी तीच असायची.

म्हणून वर्षभर तो पट जेवणघरातल्या कोपऱ्यात, पत्त्यांच्या लहान टेबलावर, चादरीखाली पडून होता. मोडवेना आणि बघवेना, अशी मार्लिसची गत.

यंदा कॅरिननंच विषय काढला. घर विकायचं ठरलं होतं, नोव्हेंबरात मार्लिस लेकीकडे राहायला जाणार होती. "आई, डाव पुरा करू या," ती म्हणाली. "मग खोक्यात भरू. बाबाला अर्धवट आवडायचं नाही."

सहा वाजता चिली उकळत होती, ताटात दालचिनीचे गोड रोल होते; आयोवात ही जोडी शाळेच्या डब्यापासूनची. ओरेथा आली, तिनं चिलीत चमचा बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "मिरचीची डबी लपवून ठेवली होतीस का? माझी आजी याला सूप म्हणाली असती."

"तुझ्या आजीला म्हणावं मग स्वतः येऊन कर."

"येईल हो. आज गेलेल्यांचाच दिवस आहे."

जेवणं झाली आणि मार्लिसनं चादर काढली.

लाल, हिरवी, पिवळी या तिघींच्या सोंगट्या स्वयंपाकघरात होत्या. चार दिवे अजून लागलेले. वेंडेलची सोंगटी अक्रोडाच्या लाकडाची, मूळची हरवल्यावर त्यानंच कोरलेली. ती व्हरांड्यात होती.

मार्लिस चादर हातात धरून उभी राहिली. "तो फाटकाशी होता," ती म्हणाली.

"व्हरांड्यातच असेल."

"नाही. मी त्याला चिडवलं होतं, सगळ्या आत येऊन बसल्या आणि तू अजून फाटकाशी म्हणून."

कॅरिन दर वर्षी पटाचा फोटो काढायची. तिनं फोनवर शोधून काढला. फोटोत अक्रोडाची सोंगटी फाटकाशी होती आणि राखाडी सोंगटी पटाच्या बाहेर, सुरुवातीच्या चौकोनात. आता राखाडी सोंगटी फाटकाशी होती.

"झाडताना सरकली असेल," ओरेथा म्हणाली. "दोन्ही एकदम सरकल्या, त्यात काय?"

मार्लिस वर्षभर त्या कोपऱ्यात झाडू घेऊन गेली नव्हती. पण कुणाचा कसा धक्का लागला असेल, सांगता थोडंच येतं. घर बघायला माणसं येऊन गेली होती, त्यांच्यापैकीच एखाद्यानं कुतूहलानं चादर उचलली असेल. तिनं स्वतःला तसं सांगितलं आणि ते तिला बरंचसं पटलं. मायलेकींनी पट अलगद उचलून स्वयंपाकघरात नेला.

"फाटकाशी ठेवू या का परत?" कॅरिननं विचारलं.

"राहू दे," मार्लिस म्हणाली. "तेवढाच जवळ आलाय."

४

बसायच्या जागा ठरलेल्या. कॅरिनचं तोंड जेवणघराच्या दाराकडे, ओरेथा खिडकीशी, मार्लिसची पाठ दाराला. तिच्या उजवीकडे वेंडेलची रिकामी खुर्ची. जेवणघराचं ते दार त्यानं लग्नाच्या वर्षी स्वतः बसवलेलं, पितळी लॅचचं. त्या लॅचचा आवाज मार्लिसच्या ओळखीचा होता, कारण तो नेहमी तिच्याच हातून वाजायचा.

तिघी आत पोचलेल्या, त्यामुळे खेळायचा तो फक्त वेंडेल. चार, पाच, सहा पडलं तर एक खोली पुढे. कमी पडलं तर मुक्काम तिथंच. फेरी झाली की एक दिवा विझवायचा, आणि बाहेर एकच जण उरला की पाहुणाही निघतो, म्हणून त्याला एक खोली पुढे करायचं.

मार्लिसनं फासा ओंजळीत घेतला आणि त्यावर फुंकर मारली. फुंकर वेंडेल मारायचा. पाच पडले.

"बाहेरच्या खोलीत," कॅरिन म्हणाली आणि अक्रोडाची सोंगटी सरकवली. ओरेथानं एक दिवा उलटा केला. तीन उरले. राखाडी सोंगटी व्हरांड्यात आली.

तेवढ्यात घंटा वाजली. "बसा, मी बघते," म्हणून ओरेथा वाडगा घेऊन गेली. पोरांचे आवाज आले, हसणं आलं. मग ती परतली ती जरा रेंगाळत.

"पुढचं दार कुणी उघडं टाकलं?"

"कुणीच नाही. मागच्या पोरांनंतर मी लावलं," कॅरिन म्हणाली. "साखळीपण घातली."

"सताड उघडं होतं. हॉलमधे पानं आली आहेत. पोरं दारातून आत डोकावत होती, घंटा वाजवावी की नाही कळेना त्यांना." ओरेथानं वाडगा ठेवला. "लावलंय आता. साखळी म्हातारी झाली असेल. आपण झालोच की."

मार्लिसला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. घरात शिरायचं आणि पुढचं दार तसंच टाकायचं. या जगात ही खोड एकाच माणसाची.

"आई," कॅरिन म्हणाली, "वारा आहे बाहेर."

"आहे ना. मी कुठं काय म्हणतेय?"

पण तिनं पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा काठ मुठीत धरला होता. मनात एकच चाललं होतं. तीन खोल्या होत्या, आता दोन राहिल्या. आत आला तर काय बोलायचं, ते तिनं उन्हाळ्यापासून ठरवून ठेवलं होतं.

५

दुसऱ्या फेरीला दोन पडले.

"रेंगाळला," ओरेथा म्हणाली. "अगदी बरोब्बर खेळतेस तू त्याच्यासारखी."

दिवा विझला. दोन उरले. नियमाप्रमाणे पाहुणा एक खोली पुढे आला. आता राखाडी आणि अक्रोडी, दोन्ही सोंगट्या बाहेरच्या खोलीत होत्या.

आणि घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली.

भट्टी बंद पडणं काही मोठं नाही. दिवसातून वीस वेळा चालू होते, वीस वेळा बंद होते. पण त्याआधी तिघींनी एक आवाज ऐकला होता: बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर नखानं टकटक, टकटक. थर्मोस्टॅटवर बोट आपटायची वेंडेलची तऱ्हा. अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवलेला काटा तो येता जाता चौसष्टवर आणायचा आणि म्हणायचा, स्वेटर कशाला दिलेत देवानं?

"लाकूड आकुंचन पावतं थंडीत," ओरेथा म्हणाली. तिनं ते कुणाकडे न बघता म्हटलं.

"आवरून ठेवू या का?" कॅरिनचा आवाज बारीक झाला होता. "आई, खरंच. पट गुंडाळते मी."

"अर्धा डाव मोडायचा नाही."

"नियम बाबाचा होता."

"म्हणूनच."

मग पावलं ऐकू आली. एक सरळ पडायचं, दुसरं जरा घासत. वेंडेलच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते राहूनच गेलं. मार्लिसनं डोळे मिटले. ती पावलं तिला झोपेतही ओळखू आली असती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचं घर तिला भरल्यासारखं वाटलं.

"दोघं आहेत," कॅरिन म्हणाली.

"काय?"

"नीट ऐक. बाबाचं पाऊल थांबलं, की त्याच्यामागे एक पडतं. हलकं. एकच."

मार्लिसनं ऐकलं. सरळ, घासत. सरळ, घासत. थांबलं. आणि मग एक, अगदी हलकं, सपाट, रांगेत उभं राहिलेल्यानं पुढचा सरकला की आपणही सरकावं तसं.

ओरेथा उठली आणि परत बसली. आयुष्यात ती कुठल्याही खोलीत जायला घाबरली नव्हती. "वय झालंय घराचं," ती म्हणाली. पण तिनं कॅरिनचा हात धरला होता.

मार्लिसनं फासा टाकला. चार.

कुणीच सोंगटी हलवेना. शेवटी मार्लिसनंच ती जेवणघरात नेली, दिवा विझवला आणि क्षणभर थांबून राखाडी सोंगटीही त्याच्यामागे जेवणघरात ठेवली. एक दिवा उरला.

तिच्या पाठीमागे, दारापलीकडे, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची हलकेच सरकली. अंधारात त्या खुर्चीला तो नेहमीच अडखळायचा.

६

कॅरिननं झाकण ओढून घेतलं आणि बोट फिरवत नियम वाचायला लागली. ती हिशोबी पोरगी, भीती वाटली की वाचते.

"शेवटची खेळी आहे," ती म्हणाली. "तू फासा टाकलास आणि बाबा आत आला, तर दार लावायला खेळी उरत नाही. दिवा विझेल आणि पाहुणा आत येईल. त्याच्या मागोमाग."

"आणि नाही टाकला तर?"

"तर खेळी दार लावायला वापरता येते. इथं लिहिलंय, दार कुठल्याही बाजूनं लावता येतं." तिनं झाकण खाली ठेवलं. "म्हणजे बाबा पलीकडूनच लावेल. आपण आत. तो बाहेर राहील."

"त्याच्याबरोबर?"

"हो. त्याच्याबरोबर."

मार्लिसनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. गेलं वर्षभर तिनं एवढं एकच मागितलं होतं, आणि ते आता पाठीमागे पाच फुटांवर उभं होतं.

"मार्लिस," ओरेथा हळू आवाजात म्हणाली, "मी माणसं जाताना पाहिली आहेत गं. खूप. ती जातात तेव्हा एकटी जात नाहीत, कुणीतरी न्यायला येतं, असं आम्ही नर्सा आपापसात बोलायचो. डॉक्टरांसमोर नाही. जो न्यायला येतो त्याला घरात घेऊ नये."

"तू तर हसायचीस या सगळ्याला."

"हसायचेच. त्याशिवाय रात्रपाळी होते का?"

"आई, लाव ना दार," कॅरिन रडकुंडीला आली होती. "उठून लाव. लॅच नुसता टेकलाय."

"वेंडेलची खेळी आहे," मार्लिस म्हणाली. "त्याच्यासारखीच खेळायची. आणि तो काही जन्मात दार लावत नाही."

तिनं फाशावर फुंकर मारली आणि टाकला. सहा.

तिनं अक्रोडाची सोंगटी उचलली. मागे दार उघडलं. कुरकुर नाही, काही नाही. त्यानंच बसवलेलं ते, कुरकुरेल कसं? थंडी सरळ तिच्या मानेवर आली, आणि थंडीबरोबर वास आला, लाकडाच्या भुशाचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा. तिचा जीव इतका सुखावला, की ठरवलेलं वाक्य ओठांवर येईना. उन्हाळाभर घोकलेलं वाक्य. तिनं तोंड उघडलं, आणि एक्केचाळीस वर्षांची जीभ आपल्या सवयीनं वळली.

"वेंडेल, दार," ती म्हणाली.

क्षणात तिचं तिलाच कळलं. तिनं वळून पाहिलं.

दार वीतभर उघडं होतं आणि पलीकडे अंधार. दाराच्या कडेवर चार बोटं होती, तर्जनीचं टोक नसलेली. ते टोक करवतीनं नेलेलं, कॅरिनच्या जन्माच्या वर्षी. आणि त्या बोटांच्या हातभर खाली, त्याच कडेवर, आणखी चार बोटं होती. लहान. राखाडी लोकरीच्या हातमोज्यातली. ती पुढे सरकत होती.

वरची बोटं थांबली. पाव क्षण असेल, मोजणार कोण? मग दार त्यांच्यासकट मागे गेलं. सावकाश गेलं, चौकटीत कसं बसायला हवं ते ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून गेलं.

लॅच वाजला. खट्.

७

तिघी किती वेळ बसून होत्या कुणास ठाऊक. चिलीवर साय धरली. खिडकीबाहेर गल्लीतले व्हरांड्यांचे दिवे एकेक करून मालवले जात होते. मुलांची वेळ संपली होती.

दारापलीकडे काही नव्हतं. पावलं गेलेली कुणी ऐकली नाहीत. फक्त कॅरिननं नंतर सांगितलं, की अगदी लांबून, फाटकाच्या बाजूनं, कुणीतरी काही विचारत होतं आणि कुणीतरी उत्तर देत होतं, "नाही बुवा." पुढचं तिला ऐकू आलं नाही. गल्लीत कुणी बापलेक परतत असतील. ओरेथा तसंच म्हणाली, आणि यावेळी तिला कुणी उलट बोललं नाही.

अक्रोडाची सोंगटी मार्लिसच्या मुठीत होती. तिनं मूठ उघडून ती पटावर ठेवली. स्वयंपाकघरात नाही, जेवणघरात, दाराच्या पलीकडच्या बाजूला. मग शेवटचा दिवा उलटा केला.

"हरलो," कॅरिन म्हणाली.

"हो," मार्लिस म्हणाली. "बाराव्यांदा."

तिनं रडून घेतलं, चांगलं भरपूर रडून घेतलं, आणि दोघींनी तिला रडू दिलं. "ठरवलं होतं गं मी," ती ओरेथाच्या खांद्यात म्हणत होती, "काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं." "त्याला कळलं," ओरेथा म्हणत राहिली. "कळलं त्याला. बघितलंस ना तू?"

रात्री झोपायला तिघी ओरेथाकडे जायच्या होत्या. कॅरिननं भांडी घासली, सोंगट्या खोक्यात भरल्या, मग हात पुसत म्हणाली, "आई, तुझा कोट बाहेरच्या खोलीत आहे. आणू का?" आणि ती पितळी लॅचकडे हात न्यायला घाबरली, तशीच उभी राहिली.

मार्लिसनं मागच्या दारावरचं वेंडेलचं बागेत घालायचं जुनं जाकीट काढून अंगात घातली. बाह्या हाताच्या पार खाली आल्या. मग ती जेवणघराच्या दाराशी गेली आणि त्याच्या लाकडावर तळहात ठेवून जरा उभी राहिली.

"कधी नव्हे ते लावलंय त्यानं," ती म्हणाली. "राहू दे."

आणि मागच्या दारानं सगळ्या बाहेर पडल्या.